राजा आर्थरच्या गोष्टींतून इंग्रजी शब्द शिकवता येतात का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. मुलगी आठवीत, सेमी-इंग्रजीत शिकते. राजा आर्थर आणि त्याच्या गोलमेजाभोवतीच्या योद्ध्यांच्या गोष्टींचं तिला वेड लागलंय, पण इंग्रजीतून वाचायला घेतलं की दर चार ओळींनी अडते. तुम्ही तिला शब्दांच्या याद्या करून दिल्या. त्या पाठ झाल्या आणि पंधरवड्यात विसरल्याही. घरातली मंडळी म्हणतात, भाले-चिलखतांचे हे जुने शब्द शिकून काय करायचंय, त्यापेक्षा रोज इंग्रजी पेपर वाचू दे.

पेपर जरूर वाचू दे, पण गोष्टी काढून घेऊ नका. इंग्रजी पेपरच या योद्ध्यांच्या शब्दांनी भरलेला असतो. व्याजदर कमी झाले की मथळ्यात ‘स्पर ग्रोथ’ येतं. दोन पुढारी भिडले की एकानं ‘गॉन्टलेट’ फेकलेला असतो. खेळाडूवर ‘अकोलेड्स’चा वर्षाव होतो, शास्त्रज्ञ नव्या लशीच्या ‘क्वेस्ट’वर असतात, आणि मुलींच्या शिक्षणासाठी झगडणारी बाई त्या कामाला ‘चॅम्पियन’ करते. पेपरात हे शब्द भेटतात तेव्हा त्यांच्या अंगावरचं चिलखत उतरलेलं असतं, म्हणून ते कोरडे वाटतात. गोष्टीत ते घोड्यावर बसलेले भेटतात.

मी पंचवीस वर्षं शाळेत इंग्रजी शिकवतेय. पहिली सहा-सात वर्षं मीही याद्याच दिल्या. धड्याआधी फळ्यावर चाळीस शब्द, समोर मराठी अर्थ. चाचणीत मुलं पैकीच्या पैकी मिळवायची आणि दिवाळीच्या सुट्टीनंतर पाटी कोरी. चूक मुलांची नव्हती. ‘गॉन्टलेट म्हणजे लोखंडी हातमोजा’ या ओळीत मनाला धरून ठेवायला काहीच नाही.

आता तोच शब्द गोष्टीत बघा. भरल्या दरबारात एक सरदार हातातला लोखंडी मोजा काढतो आणि समोरच्याच्या पायाशी टाकतो. सभा चिडीचूप. समोरचा दोन क्षण थांबतो, वाकतो, मोजा उचलतो. द्वंद्व ठरलं. एवढं ऐकल्यावर ‘थ्रो डाउन द गॉन्टलेट’ म्हणजे आव्हान देणं आणि ‘टेक अप द गॉन्टलेट’ म्हणजे ते स्वीकारणं, हे पाठ करावं लागत नाही. मराठी मुलाला तर आणखी एक आधार असतो. विजापूरच्या दरबारात अफझलखानानं विडा उचलला ही गोष्ट त्यानं चौथीत ऐकलेली असते. विडा उचलणं आणि मोजा उचलणं यांत फरक आहे, कारण विडा कामगिरीचा आणि मोजा भांडणाचा. पण भर सभेत एक वस्तू उचलायची आणि शब्दात अडकायचं, ही रीत तीच. तुमच्या लेकीला हा फरक शोधायला सांगा. फरक शोधताना दोन्ही पक्के होतील.

माझी पद्धत एवढीच आहे: आधी कृती, मग अर्थ. या गोष्टी त्यासाठी अगदी योग्य आहेत, कारण त्या काळच्या सरदारांचं आयुष्यच ठरलेल्या कृतींनी बांधलेलं होतं. गुडघे टेकणं, शपथ घेणं, ढाल टांगणं, भाला पेलणं, प्रत्येक कृतीला नाव होतं आणि आजचं इंग्रजी त्या नावांवर अजून जगतंय.

‘अकोलेड’ घ्या. तरुण गुडघ्यावर बसलाय आणि राजा तलवारीचं पातं त्याच्या खांद्यावर टेकवतो. शब्दाच्या पोटात लॅटिन ‘कोलम’ आहे, म्हणजे मान. सुरुवातीला हा सन्मान गळामिठी देऊन व्हायचा. शर्टाची ‘कॉलर’ त्याच मानेची. त्या क्षणापासून तो पोरगा ‘सर’ झाला, म्हणजे राजानं त्याला ‘डब’ केलं. आज ‘ही वॉज डब्ड द वॉल’ म्हणजे त्याला ते नाव पडलं. (सिनेमाचं डबिंग वेगळं, ते ‘डबल’वरून आलंय. मुलं हा प्रश्न हमखास विचारतात.)

‘स्पर’ म्हणजे घोड्याला टाच मारण्यासाठी पायाला बांधायचा लोखंडी काटा. सोनेरी स्पर ही सरदारकीची खूण होती. १३४६ मध्ये क्रेसीच्या लढाईत इंग्लंडच्या तिसऱ्या एडवर्डचा सोळा वर्षांचा मुलगा शत्रूच्या गर्दीत अडचणीत आला. मदत मागायला आलेल्या माणसाला राजानं सांगितलं की पोराला त्याचे स्पर स्वतः कमावू द्या, अशी हकिकत फ्रॉइसार या बखरकारानं लिहून ठेवली आहे. तेव्हा ‘विन युवर स्पर्स’ म्हणजे पराक्रमानं आपली जागा मिळवणं, आणि क्रियापद म्हणून ‘स्पर’ म्हणजे टाच मारून वेग देणं. आता तो व्याजदराचा मथळा तिला पुन्हा वाचायला द्या.

‘चॅम्पियन’ माझा सगळ्यात आवडता. मुलांना तो क्रिकेटमुळे माहीत असतो: जिंकलेला संघ. गोष्टीत मात्र चॅम्पियन जिंकण्याआधीच चॅम्पियन असतो. राणी ग्विनेव्हिअरच्या मेजवानीत विषारी सफरचंद खाऊन एक सरदार मरतो आणि आळ राणीवर येतो. न्यायनिवाडा द्वंद्वानं व्हायचा आहे, राणीला तलवार धरायची मुभा नाही, म्हणून कुणीतरी तिच्या बाजूनं उभं राहायला हवं. ऐनवेळी लान्सलॉट नावाचा योद्धा येतो. दुसऱ्यासाठी मैदानात उतरणारा तो चॅम्पियन. लॅटिन ‘कॅम्पस’ म्हणजे मैदान; कॉलेजचा कॅम्पस, लष्कराचा कॅम्प, निवडणुकीचं कॅम्पेन ही सगळी त्याच मैदानावरची मंडळी. एका गोष्टीतून चार शब्दांचं कुटुंब हाताला लागतं, आणि ‘चॅम्पियन ऑफ द पुअर’ वाचताना मुलीला त्यात कप दिसत नाही, ढाल घेऊन उभा असलेला माणूस दिसतो.

‘क्वेस्ट’चंही तसंच. होली ग्रेल नावाचं पवित्र पात्र शोधायला सगळे योद्धे निघतात, त्या शोधयात्रेचं नाव क्वेस्ट. मूळ लॅटिन क्रियापद शोधण्याचं, विचारण्याचं. क्वेश्चन, रिक्वेस्ट, इन्क्वायरी, कॉन्क्वेस्ट, अक्वायर हे सगळे त्याचेच. वहीत मधोमध क्वेस्ट लिहून भोवती ही पाच नावं काढली की एक पान भरतं, आणि त्या पानाला पाठांतर लागत नाही.

आता एक गोष्ट मी मुलांना आवर्जून सांगते, कारण ती मराठी मुलांना इतरांपेक्षा लवकर पटते. १०६६ मध्ये फ्रान्समधल्या नॉर्मंडीच्या विल्यमनं इंग्लंड जिंकलं आणि पुढे कित्येक पिढ्या राजदरबारात फ्रेंच चालली. म्हणून ‘सोर्ड’, ‘शील्ड’, ‘किंग’ हे जुने घरचे शब्द, तर ‘लान्स’, ‘आर्मर’, ‘कासल’, ‘ऑनर’ हे दरबाराबरोबर आलेले. आपल्याकडे ढाल-भाल्याशेजारी फौज, किल्ला, शिलेदार, जहागीर फारसी दरबारातून आले, तसंच. ‘शिवल्री’ हा शब्द फ्रेंच ‘शव्हाल’ म्हणजे घोडा यावरून आलाय. आधी अर्थ नुसता घोडदळ, मग घोडेस्वाराचं वागणं, मग स्त्रियांशी आणि दुबळ्यांशी सभ्यतेनं वागणं. ‘नाइट’ला, म्हणजे या गोष्टींतल्या योद्ध्याला, मी मराठीत शिलेदार म्हणते, कारण शिलेदार स्वतःचा घोडा आणि स्वतःची हत्यारं घेऊन चाकरीला यायचा. बारगिराला घोडा सरकारातून मिळायचा. नाइटकडूनही स्वतःचा घोडा, स्वतःचं चिलखत हीच अपेक्षा असायची. आणि हा इतका रुबाबदार ‘नाइट’ जुन्या इंग्रजीत होता ‘क्निख्त’, म्हणजे पोरगा, चाकर! माझ्या वर्गात एका मुलानं ‘क्नाइट’ असं वाचलं तेव्हा सगळे हसले. मी त्याला उभं केलं आणि सांगितलं की सहाशे वर्षांपूर्वी तू बरोबर ठरला असतास, कारण तेव्हा तो ‘क’ उच्चारला जायचा. त्या दिवसापासून त्या वर्गात ‘नी’ (गुडघा) आणि ‘नो’ (माहीत असणं) यांतला मुका ‘क’ कुणी लिहायला विसरलं नाही.

शब्दांत समाजही दिसतो, आणि आठवीच्या मुलीला तो दाखवायला हरकत नाही. ‘व्हिलन’ म्हणजे मूळचा जमीनदाराच्या वाडीवर राबणारा शेतकरी. गोष्टी सरदारांच्या, ऐकणारे सरदार, म्हणून शेतकऱ्याचं नाव हळूहळू खलनायकाचं झालं. उलट ‘जेंटल’ म्हणजे आधी फक्त चांगल्या कुळातला, नंतर सौम्य. आपल्या ‘ग्राम्य’ आणि ‘गावंढळ’ या शब्दांवर हाच अन्याय झालाय. हे सांगितलं की वर्गात शांतता पसरते, शेतकऱ्यांच्या मुलांच्या वर्गात तर विशेष. ‘लॉर्ड’ तर मूळचा ‘भाकरीचा राखणदार’ आणि ‘लेडी’ ‘कणीक मळणारी’. ज्याची खावी पोळी त्याची वाजवावी टाळी, ही म्हण तिथे अशी एका शब्दात मावली आहे.

आणि मग संस्कृतशी नातं लागतं तेव्हा मुलांचे डोळे जे चमकतात! लढाईच्या मोठ्या घोड्याला ‘डेस्ट्रियर’ म्हणत, बहुधा सेवक त्याला उजव्या हातानं धरून चालवायचा म्हणून. लॅटिनमध्ये उजवा म्हणजे ‘डेक्स्टर’, आणि तो आपल्या ‘दक्षिण’चा सख्खा भाऊ. पूर्वेकडे तोंड करून उभं राहिलं की उजव्या हाताला दक्षिण. त्यातूनच दख्खन, डेक्कन. म्हणजे आर्थरच्या शिलेदाराचा घोडा आणि आपलं पठार एकाच धातूची लेकरं. ‘जाउस्ट’ म्हणजे भाले रोखून दोन घोडेस्वारांनी समोरासमोर येणं. त्यामागचा लॅटिन शब्द ‘जवळ, शेजारी’ असा, आणि त्याचा धातू संस्कृत ‘युज्’चा नातलग. बैलांच्या मानेवरचं ‘जू’, इंग्रजी ‘योक’ आणि आपला ‘योग’ त्याच घरातले. ‘व्हर्च्यू’मध्ये ‘वीर’ बसलाय. ‘रिनाउन्ड’मध्ये ‘नाम’ आहे, आणि मराठीत आपण नेमकं तेच म्हणतो: नामवंत.

इथे सावध करते. नुसता आवाज सारखा म्हणून नातं जोडू नका. या विषयावर गोड पण खोट्या व्युत्पत्ती फार फिरतात. ‘रन द गॉन्टलेट’ या वाक्प्रचारातला गॉन्टलेट हातमोजा नाही. दोन रांगांमधून धावत फटके खायची जी शिक्षा होती, तिचं स्वीडिश नाव बिघडून तो शब्द झालाय. ‘क्रेस्टफॉलन’ (हिरमुसलेला) यातला पडलेला तुरा शिरस्त्राणाचा नसून बहुधा कोंबड्यासारख्या एखाद्या प्राण्याचा. आणि ‘नाइट-एरंट’ म्हणजे भटका योद्धा; त्यातल्या ‘एरंट’चं ‘एरर’शी नातं अर्धंच खरं, कारण प्रवास करणं आणि भरकटणं ही दोन वेगळी लॅटिन क्रियापदं फ्रेंचमध्ये एकमेकांत मिसळली. चांगल्या शब्दकोशात व्युत्पत्ती दिलेली असते. मुलीला ती पाहायची सवय लावा. शंका घेऊन कोश उघडणं हाही शब्दसंग्रहच आहे.

पुस्तक कोणतं द्यावं, यावर बरंच अवलंबून आहे. या गोष्टींचा इंग्रजीतला मोठा ग्रंथ सर टॉमस मॅलरीचा, १४६९-७० च्या सुमारास पुरा झालेला आणि विल्यम कॅक्स्टननं १४८५ मध्ये छापलेला. त्यात ५०७ प्रकरणं आहेत. तो आत्ता देऊ नका. हॉवर्ड पाइलचं १९०३ चं पुस्तक चित्रांसाठी जरूर दाखवा, पण त्याची भाषा मुद्दाम जुनी घडवलेली आहे आणि नवशिक्या वाचकाला ती दमवते. रॉजर लान्सलिन ग्रीननं १९५३ मध्ये केलेलं पुनर्कथन तिच्या वयाला बरं पडेल. कोणतंही पुस्तक घेतलं तरी एक पान उघडून शंभर शब्द मोजा. शब्दसंग्रहाचे अभ्यासक पॉल नेशन आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या अभ्यासातून निघालेला अंदाज असा की कुणाच्या मदतीशिवाय आनंदानं वाचायचं तर शंभरातले अठ्ठ्याण्णव शब्द ओळखीचे हवेत. तिला शंभरात पाच-सहा अडत असतील तर ते पुस्तक एकटीनं वाचायचं नाही, तुम्ही शेजारी बसून मोठ्यानं वाचायचं. दर चार ओळींनी अडते म्हणता, म्हणजे सध्या ती चुकीच्या पुस्तकाशी झुंजत असावी, मोजून पाहा.

अडलेला प्रत्येक शब्द शिकवायचा नसतो. ‘हॉबर्क’, ‘ग्रीव्ह्ज’ असे चिलखताच्या भागांचे शब्द आले की चित्रावर बोट ठेवा आणि पुढे जा. प्रतापगडाची गोष्ट ऐकलेल्या मुलीला चिलखत म्हणजे काय हे माहीत आहे, तेवढं पुरे. वहीत घ्यायचे ते फक्त आजही चालणारे शब्द: प्लेज, ओथ, व्हॅलिअंट, ट्रेचरी, सीज, फीस्ट, अलीजन्स, फ्रीलान्स. शेवटचा तिला विशेष आवडेल. वॉल्टर स्कॉटच्या १८१९ च्या ‘आयव्हॅनहो’ या कादंबरीत ‘फ्री लान्स’ म्हणजे भाडोत्री भालाईत, कुणाचाच बांधील नसलेला. आज तिची एखादी मावशी घरबसल्या डिझाइनचं काम करत असेल तर तीही फ्रीलान्सच.

‘दाउ’ आणि ‘दी’ यांना घाबरू नका. इंग्रज मुलांना ते समजावून सांगावे लागतात, मराठी मुलाला नाही. ‘दाउ’ म्हणजे तू, ‘दी’ म्हणजे तुला आणि ‘यू’ म्हणजे तुम्ही, बस. ‘दाउ’ आणि ‘तू’ नात्यानंही एकच आहेत. जुन्या गोष्टींत एखादा सरदार आदरानं ‘यू’ म्हणता म्हणता अचानक ‘दाउ’वर उतरतो, तेव्हा तो अरे-तुरेवर आला हे आपल्या मुलीला लगेच कळेल. लिहिताना मात्र हे वापरायचं नाही, एवढं बजावा.

गोलमेजाबद्दलही एक सांगा. वेस नावाच्या कवीनं ११५५ मध्ये लिहिलं की आपली जागा वरची असा तोरा कुणी मिरवू नये म्हणून आर्थरनं मेज गोल करवलं. डॉ. आंबेडकर १९३० मध्ये लंडनला ज्या परिषदेला गेले तिचं नावही गोलमेज परिषद. गोल मेजाला मानाचं टोक नसतं. ही कल्पना इतिहासाच्या पुस्तकात तिनं वाचलेलीच आहे, आता ती जोडली जाईल.

उजळणीसाठी चाचणी घेऊ नका. एका गोष्टीतून पाचच शब्द निवडा, आणि रात्री तिला ती गोष्ट आजीला मराठीत सांगू दे, फक्त ते पाच शब्द इंग्रजीच ठेवून. “मग राजानं त्याला डब केलं, आणि तो क्वेस्टवर निघाला.” आजी विचारेल, म्हणजे गं काय? तिनं हातवारे करून समजावलं की तो शब्द तिचा झाला. आठवड्यानं तीच गोष्ट धाकट्या भावंडाला, महिन्यानं शेजारच्या मुलीला. वहीत प्रत्येक शब्दाखाली एक छोटं चित्र, गोष्टीतलं एक वाक्य आणि पेपरातून कापून चिकटवलेलं एक वाक्य. कात्रण सापडायला कधी दोन महिने लागतात. लागू देत. ती जागा रिकामी दिसते म्हणूनच ती पेपर शोधून शोधून वाचते, आणि घरच्यांचीही इच्छा पुरी होते.

पहिल्या संध्याकाळी आर्थरच्या दरबारातला गॉवेन आणि हिरवा योद्धा यांची गोष्ट घ्या. चौदाव्या शतकाच्या अखेरीची आहे, कवीचं नाव कुणाला माहीत नाही, आणि तिची एकच हस्तलिखित प्रत उरली आहे, ती ब्रिटिश लायब्ररीत. ग्रीनच्या पुस्तकातही ही गोष्ट आहे. नववर्षाच्या मेजवानीत नखशिखान्त हिरवा माणूस घोड्यावरून आत येतो आणि म्हणतो, माझ्यावर कुऱ्हाडीचा एक घाव घाला, वर्षानं तोच घाव मी परत करीन. गॉवेन त्याचं मुंडकं उडवतो. तो माणूस मुंडकं उचलतो आणि निघून जातो. वर्षानं गॉवेन दिलेला शब्द पाळायला एकटा जातो आणि मान पुढे करतो.

इथे लाकडी फूटपट्टी घ्या आणि लेकीला मान वाकवायला सांगा. पहिल्या घावाला गॉवेन किंचित अंग चोरतो: ‘फ्लिंच’. पट्टी खाली आणा, तीही चोरेल. दुसऱ्यांदा गॉवेन हलत नाही, पण कुऱ्हाड मध्येच थांबते, नुसती हूल: ‘फेंट’. कबड्डीतली हुलकावणी. तिसऱ्यांदा पातं मानेला जेमतेम लागतं, थोडं रक्त येतं: ‘निक’. बॅटची कड घेऊन चेंडू गेला की समालोचक म्हणतो तोच निक. पट्टी हळूच टेकवा. तीन घाव, तीन शब्द, पाच मिनिटं.

ती विचारेल की हिरव्या योद्ध्यानं पहिले दोन घाव का थांबवले आणि तिसरा एवढासाच का लावला. ते सांगू नका. घाव घ्यायला जाण्याआधीच्या तीन दिवसांत गॉवेननं काय लपवलं, ते पुस्तकात आहे. पुस्तक तिच्या हातात द्या आणि दिवा चालू ठेवा.